आमच्या आगरातलं मीठ

तुझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगायची, दुसऱ्यांनी जीव ओतून केलेल्या वस्तूला नापास करायचं. लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. वीस वर्षं मी प्रयोगशाळेत कॅटलिस्ट तपासत होते, आणि एवढ्या वर्षांत पास झालेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. तेही सगळे परदेशातून आलेले.

कॅटलिस्ट म्हणजे पुस्तकी मराठीतला उत्प्रेरक. आमच्या कारखान्यात पॉलिथिलीन तयार होतं. दुधाच्या पिशवीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळं ज्याचं बनतं ते. उंच रिअॅक्टरमध्ये खालून इथिलीन वायू सोडायचा, त्यात चिमूटभर कॅटलिस्टची पूड सोडायची, आणि वायूची थेट पांढरी भुकटी होते. मध्ये द्रव म्हणून काही नाही. ऐकायला जादू, करायला नुसती कटकट. कॅटलिस्ट चांगला असला तर चिमटीतून पोतंभर भुकटी निघते. वाईट असला तर रिअॅक्टरमध्ये गोळे होतात, नाहीतर तो अर्ध्या वाटेत मरतो आणि वायू तसाच वर निघून जातो.

हा कॅटलिस्ट कारखाना बाहेरून घ्यायचा. बंद सिलिंडरमधून यायचा, आत काय आहे ते आम्हाला कुणी सांगायचं नाही आणि विचारायचीही मुभा नव्हती. आमच्या सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, नेमकं हेच सहन होत नसे.

सर मुरुडकडचे. घराणं पूर्वी गलबतांवरून व्यापार करणारं, आता सगळे भाऊ आखातात. त्यातले दोघे तिकडे पॉलिथिलीनच्याच कारखान्यात. त्यांनी सरांना कितीदा तरी बोलावलं. सर म्हणायचे, "तिकडे जाऊन दुसऱ्याच्या कॅटलिस्टचे नोकर व्हायचं, तर इथे काय वाईट आहे? इथे निदान आपली मच्छी आहे." ते डॉक्टरेट केलेले होते, पण हाताने काम करायचे. हातमोजे लावलेल्या काचेच्या पेटीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये, तासन् तास वाकून. स्वतःचा कॅटलिस्ट बनवायला त्यांना आठ वर्षं लागली. त्या काळात दोन साहेब बदलले, तीनदा काम बंद करायचा हुकूम आला, आणि तिन्ही वेळा सरांनी तो कसाबसा परतवला. आठव्या वर्षी त्यांनी मला एक छोटी कुपी दिली. आत फिकट पिवळसर पूड. म्हणाले, "बाई, आता हा तुमच्या हातात."

मी या लेखात कुणाचं नाव घेणार नाही, माझंसुद्धा नाही. चूक कुणाची ते वाचताना कळेलच.

तपासायची पद्धत साधी होती. स्टीलचं दोन लिटरचं भांडं, आत ढवळणारं पातं. कॅटलिस्ट असतो कणभर, तो मोकळ्या भांड्यात टाकला तर तळाशी एका जागी बसेल आणि तिथेच गोळा होईल. म्हणून आधी भांड्यात मिठाचा थर घालायचा. हो, साधं मीठच, पण प्रयोगशाळेसाठीचं शुद्ध आणि खडखडीत कोरडं. मीठ कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या दाण्यांत कॅटलिस्ट नीट विखुरतो, आणि चाचणी संपली की पाण्याने मीठ धुऊन टाकलं की पॉलिथिलीनची भुकटी तेवढी हातात राहते. ती वाळवायची, वजन करायचं, आणि किती कॅटलिस्टमधून किती भुकटी आली ते लिहायचं. फक्त पाणी नको. पाण्याचा अंश जरी आत राहिला तरी कॅटलिस्ट मरतो. हवेतल्या ओलाव्याचीसुद्धा त्याला भीती.

आणि मी आगरातली पोर. पेणच्या बाजूला, खाडीला लागून आमचं मिठागर, आम्ही नुसतं आगर म्हणतो. बापाने त्यात जन्म काढला, पुढे भावाने. मी अलिबागला बी. एस्सी. केलं म्हणून माझ्या टाचा तेवढ्या मिठाने फुटल्या नाहीत. प्रयोगशाळेत परदेशी लेबलाची मिठाची बाटली उघडताना मला दर वेळी हसू यायचं. सर चिडवायचे, "बाई, तुमच्या वडिलांनी हे बघितलं तर काय म्हणतील?" मी म्हणायची, म्हणतील की पोरगी शिकली आणि मीठ विकत घ्यायला लागली.

त्या वर्षी मुंबईहून समिती येणार असं ठरलं. सरांच्या कॅटलिस्टच्या तीन चाचण्या, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि लगेच निर्णय. पास झाला तर मोठ्या रिअॅक्टरवर घ्यायचा. नापास झाला तर काम कायमचं बंद, प्रयोगशाळेसकट. सर ते दोन आठवडे जेवणाचा डबा न उघडताच घरी नेत होते.

आमची रीत अशी होती की चाचण्यांच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, नेहमीचा परदेशी कॅटलिस्ट एकदा चालवून बघायचा. त्याला आम्ही संदर्भ-चाचणी म्हणायचो. तो नेहमीसारखा चालला म्हणजे भांडं ठीक, वायू ठीक, मीठ ठीक. मग नव्या कॅटलिस्टबद्दल जे काही दिसेल ते त्याचं स्वतःचं. आधीची संदर्भ-चाचणी मी केली, उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी मिठाचा पुढचा डबा उघडला तर आत दगड. झाकण फुटलं होतं, पावसाळाभर ओल खाऊन सगळं एकजीव झालेलं. स्टोअरवाल्याने नवीन मागवलं, ते यायला तीन आठवडे. समिती दोन दिवसांवर.

सर डब्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खैर. तारीख पुढे ढकलायला सांगतो."

तारीख पुढे ढकलली तर ती परत मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही. आणि मला ते बघवेना. मी म्हणाले, "सर, मिठासाठी कुणाच्या तोंडाकडे बघता? माझ्या घरी ढिगारे आहेत."

संध्याकाळीच पेणची एसटी पकडली. भाऊ आगरात होता. आगर म्हणजे तोवर निम्मंच उरलं होतं. खालचा बांध फुटून दोन वर्षं झाली होती, तिथे खारफुटीची तिवरं माजली होती आणि वरच्या अंगाला गोदामाचा भराव आला होता. मी कशासाठी आले ते ऐकून त्याची छाती फुगली.

"घे ना बाय, कवरा पायजे तवरा घे. कंपनीला आपलाच मीठ लागला ना शेवटी?"

त्याने सगळ्यात पांढरं, सगळ्यात टणक मीठ काढून दिलं. मी प्रयोगशाळेत आणून ते चाळलं. बारीक पूड चालत नाही, ती उडते, म्हणून ठसठशीत दाणा तेवढा निवडला. रात्रभर भट्टीत वाळवलं. सकाळी हातात घेतलं तर मण्यांसारखं खळखळत होतं. मी स्वतःवर खूष होते.

सर म्हणाले, "नवीन मीठ आहे. आधी परदेशी कॅटलिस्ट यावर एकदा चालवून बघू." ते बरोबर बोलत होते. पण भांडं धुण्यापासून वजन करण्यापर्यंत एक चाचणी अख्खा दिवस खाते, आणि आमच्याकडे दिवस उरला नव्हता. मी म्हणाले, "सर, मिठाला काय होतंय? मी त्यात लहानाची मोठी झालेय. नंतरची संदर्भ-चाचणी यावरच करू, मग झालं ना?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. वीस वर्षांत त्यांनी माझ्या शब्दावर रीत मोडली ती ही एकदाच.

समितीचे चौघे मांडव्याला बोटीतून उतरून गाडीने आले. केस वाऱ्याने उडालेले, वाटेत कुठेतरी मासे खाऊन आलेले, एकंदर सहलीचा मूड. पहिली चाचणी सुरू केली. वायू किती आत खेचला जातोय ते दाखवणारा काटा झपकन वर गेला, परदेशी कॅटलिस्टपेक्षाही वर. सरांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं लहान पोरासारखं खूष झालेलं कधी पाहिलं नव्हतं. पंधरा मिनिटं काटा तसाच राहिला. मग उतरायला लागला. हळूहळू नाही, जिना उतरावा तसा. तास संपायच्या आत तो जवळजवळ शून्यावर होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, याचं कारण काय असेल? सरांनी स्वतःच उत्तर दिलं. "सुरुवात चांगली करतो, पण टिकत नाही. याचं आयुष्य कमी आहे." असे कॅटलिस्ट असतात, त्यात नवल काही नव्हतं. मी पाच-पन्नास तरी असे बघितले होते. मीही मान डोलावली.

नंतरची संदर्भ-चाचणी कुणी केलीच नाही. निर्णय लागल्यावर कोण करतंय? नोंदवहीत मिठापुढे मी नेहमीसारखं लिहिलं, कोरडं, चाळलेलं. कुठून आणलं यासाठी वहीत रकानाच नव्हता.

चार महिन्यांत प्रयोगशाळा बंद झाली. भांडं भंगारात गेलं. सरांचा उरलेला कॅटलिस्ट नियमाप्रमाणे नष्ट केला. मला पिशव्या भरण्याच्या विभागात तपासनीस म्हणून पाठवलं, आणि सर मुदतीआधी निवृत्ती घेऊन मुरुडकडे गावी गेले. निरोपाच्या चहाला ते म्हणाले, "आठ वर्षं मी चुकीच्या दिशेने चाललो. पण कळलं तरी." मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं. एवढ्या शांतपणे स्वतःला नापास करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पुढच्या वर्षी होळीला भावाकडे गेले होते. पुतणी बाळाला घेऊन आली होती आणि बाळ दोन दिवस रडत होतं. वहिनीने दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन बाळावरून ओवाळल्या आणि परसातल्या चुलीत टाकल्या. मीठ ताडताड फुटलं. वहिनी म्हणाली, "बघ गो, कवरी दिष्ट लागलेली पोराला!"

मी लहानपणापासून हे शेकडो वेळा ऐकलं आहे. त्या दिवशी माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी भावाला विचारलं, मीठ का फुटतं रे? तो हसला. "तू सायन्स शिकलीस नि मना इचारतंस? मोठे दान्याचे पोटान पानी रातं. कवरा पन वालव, जाया नाय. जालात टाकशील नायतर फोरशील, तवाच भायेर येल."

मला हे माहीत होतं. नवीन काहीच सांगत नव्हता तो. आगरातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं की जाड दाणा बनताना पोटात खाऱ्या पाण्याचा थेंब कोंडून घेतो. घरी माहीत असलेलं मी घरीच ठेवून, चपला काढाव्यात तसं ठेवून, प्रयोगशाळेत गेले होते. आणि मी नेमका जाड दाणाच निवडला होता. भट्टीची आच चुलीच्या जाळाइतकी नसते, तिने त्याचं काही झालं नाही. भांड्यात पातं फिरायला लागल्यावर दाण्यावर दाणा घासला, दाणे फुटले, आणि पंधराव्या मिनिटाला पाणी बाहेर यायला लागलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसा घालून मी एका माणसाची आठ वर्षं बुडवून आले होते.

की नव्हते? हेच तर कुणी सांगू शकत नव्हतं. कदाचित मिठानेच मारलं असेल. कदाचित तो तसाही पंधरा मिनिटांत मेला असता. तपासायला ना भांडं होतं ना कॅटलिस्ट. मी नव्या मॅनेजरकडे गेले, लेखी दिलं. त्याने वाचलं, सभ्यपणे घडी घातली आणि म्हणाला, "मॅडम, ती फाईल बंद झालीय. आता बाहेरून घ्यायचा दहा वर्षांचा करार झालाय. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

आठवडाभर मला अन्न गोड लागेना. शेवटी एका रविवारी अलिबागहून मुरुडची एसटी धरली. काशीदला रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती, बस तासभर अडकली. परत फिरावं असं तेव्हा वाटलं होतं. फिरले असते तर फार बरं झालं असतं.

सर सुपारीच्या बागेत होते. रंग उजळला होता, पोट थोडं सुटलं होतं. मला बघून इतके खूष झाले की भाभींना हाक मारून म्हणाले, "आज बाईंना जेवल्याशिवाय सोडायचं नाही." जायफळाची कलमं दाखवली, त्यातली कुठली जगली नि कुठली मेली ते सांगितलं. जेवण झाल्यावर मी सगळं बोलले. मीठ, दाणे, दृष्ट, चूल, सगळं. बोलताना रडले. मला वाटलं ते ओरडतील. ओरडायला हवे होते.

ते उठून आत गेले आणि कागद-पेन्सिल घेऊन आले. "कितव्या मिनिटाला उतार सुरू झाला? तिन्ही वेळा सारखाच? पात्याचा वेग किती होता?" त्यांचे डोळे चमकत होते. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे तो चांगला असू शकतो. बाई, तो चांगला असू शकतो!"

बसमध्ये मला खूप हलकं वाटत होतं. माझ्या स्वार्थीपणाचा याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

मग फोन सुरू झाले. रोज, पुढे दिवसातून दोनदा. चाळणीचा नंबर काय होता? भट्टीतून काढल्यावर मीठ किती वेळ उघडं होतं? मी आठवून आठवून सांगायची. त्यांनी कारखान्याला पत्रं लिहिली, समितीतल्या प्रत्येकाला लिहिली, जुन्या विद्यापीठाला लिहिलं की मला फक्त एक महिना एक पेटी आणि एक भांडं द्या. कुणी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं, त्यात शुभेच्छा होत्या. भावांनी आखातातून सांगितलं, तिकडच्या कारखान्यात साठीच्या माणसाला दारातसुद्धा उभं करत नाहीत.

पाचव्या महिन्यात भाभींचा फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. "ताई, तुम्ही येऊन गेल्यापासून ते बागेत उतरलेले नाहीत. कलमं सगळी वाळली. आधी निदान झोपत होते हो. नमाज झाली की तिथेच बसून आकडे लिहितात. तुम्ही त्यांना असं काय सांगितलंत?"

मी काय सांगितलं होतं? मी त्यांना आशा दिली होती. हरलेला माणूस कसाबसा हार पचवून बसला होता, त्याच्या पोटातून मी ती ओढून काढली, कारण मला माझ्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं. जिला जाण्यासाठी कुठली वाटच शिल्लक नाही अशी आशा मी त्या घरात नेऊन ठेवली आणि जेवून आले.

दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःहून फोन लावला.

"सर, एक गोष्ट राहिली होती. प्रयोगशाळा बंद व्हायच्या आधी, शेवटच्या आठवड्यात, मी त्या मिठावर परदेशी कॅटलिस्ट चालवून बघितला होता. नंतरची संदर्भ-चाचणी. विसरलेच होते. काल जुनी वही सापडली, त्यात नोंद आहे."

पलीकडून पहिला प्रश्न आला.

"काटा पडला?"

"नाही सर. तासभर सरळ."

"भुकटी किती आली?"

मी आकडा सांगितला. आदल्या रात्री बेतून ठेवला होता, नेहमीच्यापेक्षा थोडा कमी, खरा वाटावा असा. वीस वर्षांत मी वहीत एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

"म्हणजे मिठाचा दोष नव्हता."

"नाही सर."

"म्हणजे माझाच कॅटलिस्ट कच्चा होता."

 नाही म्हणावं असं अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "हो सर."

"खैर," ते म्हणाले. "बरं केलंत सांगितलंत." आणि भाभींना चहा टाकायला सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं.

वहीचं पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या माणसाने आयुष्यात कधी कुणाचा आकडा मान्य केला नव्हता, समितीचा नाही, माझा तर नाहीच. ते पान मागतील म्हणून मी जुन्या वहीत जुन्या तारखेचं एक पान लिहून समोर घेऊनच बसले होते. त्यांनी पान मागितलं नाही. त्यानंतर त्यांचा फोनही आला नाही. त्यांनी पान का मागितलं नाही हे मला या जन्मात त्यांना विचारता येणार नाही.